लाईट आहे, पण इन्व्हर्टरला पटत नाही

मागच्या महिन्यात गुरुवारी रात्री मामीचा फोन आला. पहाटे तीनला लाईट गेली, इन्व्हर्टरने वीस-पंचवीस मिनिटं तग धरली आणि मग टीं टीं करत मान टाकली. आजीचं मशीन बंद पडलं. मामाने टॉर्चच्या उजेडात सिलिंडर जोडला, तोवर दहा मिनिटं गेली. आजी ठीक आहे, पण त्या दहा मिनिटांबद्दल मामी जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आजी दवाखान्यातून घरी आली ती या मशीनसकट. रात्री झोपताना ते लागतंच. साधारण साडेतीनशे वॅट खातं. "तू कंप्युटर इंजिनिअर ना, मग बघ की जरा," असं मामी म्हणाली. आता इंजिनिअरिंगला मी जेवढं इलेक्ट्रिकल शिकलो ते पहिल्या वर्षाच्या एका पेपरात संपलं आणि त्यातही चाळीसच्या आसपास मार्क होते. पण हे मामीला सांगून उपयोग नसतो. शनिवारी सकाळी मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि नगरची गाडी पकडली. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय.)

मामाचं घर नगर तालुक्यात आहे, हिवरे बाजारपासून वीसेक किलोमीटरवर. गावात नाही, मळ्यात. वस्तीवर. ही 'वस्ती' पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, लक्षात ठेवा.

आधी थोडा हिशोब. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासाची, ट्यूब्युलर. म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातली ८० टक्केच वापरायची असं धरलं, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वजा केली, तर साडेतीनशे वॅटच्या मशीनला तीन-सव्वातीन तास मिळायला हवेत. मिळाले पंचवीस मिनिटं.

पहिला संशय पाण्यावर. सहाही झाकणं उघडली. पातळी अगदी बरोबर, काठोकाठ. म्हटलं, मामा, पाणी कोण घालतं? "मीच घालतो की. दर दोन महिन्याला." कुठलं? "बोअरचं."

मामाच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की मामीच्या कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो. बॅटरीतून उडून जातं ते फक्त पाणी. क्षार, लोह, क्लोराइड जे काय असेल ते आतच राहतं आणि प्रत्येक टॉपअपला थोडं थोडं साठत जातं. त्याने बॅटरी नुसती बसल्या जागीही उतरते आणि प्लेटा खराब होतात. नगरमधून हायड्रोमीटर आणला. दिवसभर चार्ज करून संध्याकाळी मोजलं. भरलेल्या सेलमध्ये १२४० ते १२६० यायला हवं. पाच सेल १२०० ते १२२० च्या मध्ये घुटमळत होते आणि तिसरा ११३० वर. एक सेल गेला की सगळी बॅटरी गेली, साखळीच ती.

इथे केस बंद करून मला पुण्याला परतता आलं असतं. पण चार वर्षांची चांगली ट्यूब्युलर बॅटरी, तीही गावाकडे, नुसत्या जड पाण्याने इतकी खंगेल का? आमच्या ऑफिसात एक नियम आहे: पहिलं कारण सापडलं म्हणून लॉग बंद करू नका. म्हणून रात्री थांबलो. आणि रात्री दहाला जे दिसलं त्यासाठी इतिहासात शिरावं लागेल.

*

बॅटरी ही चीज आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जुनी. १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी ती. गंमत म्हणजे तेव्हा ती चार्ज करायला धड डायनामोसुद्धा नव्हता, दुसऱ्या साध्या सेलांवर ती भरावी लागे. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यावर लेप थापायची युक्ती काढली आणि मग ही वस्तू कारखान्यात करता येण्याजोगी झाली. मामाच्या घरातली बॅटरी रसायनाच्या बाबतीत प्लान्तेचीच आहे. माझ्या फोनचं मॉडेल दीड वर्षात जुनं होतं आणि ही बया दीडशे वर्षांहून जास्त टिकून आहे.

इन्व्हर्टरचं तसं नाही. बॅटरीतून निघते ती डीसी, पंख्याला लागते एसी. आधी हे काम मोटार आणि जनित्र एका दांड्यावर बसवून व्हायचं. 'इन्व्हर्टर' हा शब्द १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या डेव्हिड प्रिन्स या इंजिनिअरने लेखात रूढ केला. १९५७ मध्ये त्याच कंपनीत थायरिस्टर आला आणि फिरणाऱ्या यंत्राची गरज संपू लागली. पुढे ट्रान्झिस्टर, मॉस्फेट. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे लोक पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टरची जोडी बसवून इन्व्हर्टर जोडून द्यायचे. त्यातून निघायची ती चौकोनी लहर. पंखा गुंऽऽ असा आवाज करत फिरायचा. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना उन्हाळ्याची सुट्टी आठवल्याशिवाय राहणार नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उत्तरेतल्या कंपन्यांनी हा धंदा संघटित केला. दिल्लीत केबल टीव्हीचं सामान बनवणारे कुंवर सचदेव १९९८ मध्ये इन्व्हर्टरकडे वळले, कारण त्यांच्या स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर सारखा बिघडायचा. म्हणजे या धंद्यातलं एक मोठं नावही ट्रबलशूटिंगमधूनच आलं :)

पण महाराष्ट्रात इन्व्हर्टर घराघरात कधी आला? आमच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. २००५ नंतर.

ही गोष्ट दाभोळपासून सांगावी लागते. एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज मंडळाचा करार डिसेंबर १९९३ चा. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन जिवंत झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि महाग विजेच्या भांडणात मे २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. दाभोळवर भरवसा ठेवून बसलेल्या राज्यात दुसरी पुरेशी वीजकेंद्रं त्या वर्षांत उभी राहिली नाहीत. मागणी मात्र वाढत राहिली. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले: निर्मिती, पारेषण, वितरण. 'महावितरण' हे नाव लोकांच्या कानावर पडलं ते भारनियमनाच्या वेळापत्रकासोबतच. बिचाऱ्यांचं बारसं आणि बदनामी एकाच मांडवात झाली.

मुंबईला हे फारसं कळलं नाही. तिथे टाटा, बेस्ट, रिलायन्स, आणि ग्रिड पडलं तर शहर वेगळं काढून चालू ठेवायची 'आयलंडिंग' व्यवस्था १९८१ पासून. (ती १२ ऑक्टोबर २०२० ला चालली नाही, तेव्हा मुंबईकरांनी जो आरडाओरडा केला त्यावर नगरवाले मनातल्या मनात हसले असणार.) पुण्याने २००६ मध्ये वेगळी शक्कल लढवली. कारखान्यांनी टंचाईच्या तासांना स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यातून ग्रिडवरची जी वीज वाचेल ती शहराला, आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा बिलातून भरायचा. हेच ते 'पुणे मॉडेल'. आयटी पार्कातले एसी चालू राहिले त्यात याचा वाटा आहे.

बाकीच्या महाराष्ट्रात गट पडले. वीजगळती किती आणि बिलाची वसुली किती, यावर तुमचा गट ठरायचा आणि गटावर तुमचा अंधार. ग्रामीण भागात बारा-बारा तास. २००७ च्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो, मामाकडेच होतो. दुपारी गोधडी ओली करून दारावर टांगलेली आठवते. २००८ मध्ये मामाने पहिला इन्व्हर्टर घेतला. बॅटरी आणायला चौघे गेले होते, मिरवणूक काढल्यासारखे. आजीने तिला हळदकुंकू वाहिलं.

*

आता वस्तीकडे येऊ.

शेतीपंप हा विजेच्या राजकारणातला दुखरा भाग. सत्तरच्या दशकात मीटर मोजण्याऐवजी मोटारीच्या हॉर्सपॉवरवर ठोक आकार लावायची पद्धत आली. मोटार तासभर चालवा नाहीतर दिवसभर, बिल तेवढंच. २००४ मध्ये निवडणुकीआधी वीज मोफत जाहीर झाली, २००५ मध्ये ती सवलत गुंडाळली. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत. शेतकऱ्याला विजेच्या पैशात सवलत मिळते, पण वेळ त्याच्या हातात नाही. थ्री फेज येते ती आठ तास, आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी, काठी घेऊन दारं धरायला जायचं. बिबट्याच्या भागात हे काय असतं ते एसीत बसून लिहिण्यासारखं नाही.

भारनियमनाच्या काळात गावं मोठ्या कोंडीत सापडली होती. घर आणि पंप एकाच फीडरवर. पंप बंद ठेवायचे तर घरंही अंधारात. त्यावर दोन-तीन उपाय झाले. एक 'सिंगल फेजिंग': टंचाईच्या तासांना एकच फेज सोडायची, दिवे लागतील, थ्री फेज मोटार चालणार नाही. यावर लोकांनी कंडेन्सर टाकून मोटारी एका फेजवर चालवायला सुरुवात केली. (हे मराठी माणसाचं जुगाड कौशल्य. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून दिलं असतं तर निम्मा वर्ग नापास झाला असता.) दुसरी 'अक्षय प्रकाश' योजना: संध्याकाळी गावाने मोटारी, शेगड्या बंद ठेवायच्या, आकडे काढून टाकायचे, बदल्यात दिवे चालू. म्हणजे गावानेच गावावर लक्ष ठेवायचं. आणि तिसरा पक्का उपाय, गावठाण फीडर वेगळे करणं. गावठाणातल्या घरांना एक वाहिनी, शेतीपंपांना दुसरी. २०१२ च्या अखेरीस राज्याचा बराच भाग भारनियमनमुक्त जाहीर झाला, त्यात या तारा वेगळ्या करण्याचा हात मोठा होता.

फक्त एक गोष्ट राहून गेली. गावठाण म्हणजे जुनं गाव. नगर जिल्ह्यात अर्धं गाव मळ्यात राहतं. विहीर जिथे, घर तिथे. वस्तीवरच्या घराची तार गावठाण फीडरवर नाही, पंपांच्या फीडरवर. आकडेवारीत गाव उजळलं आणि मामाचं घर मोटारींच्या पंगतीत बसून राहिलं.

शनिवारी रात्री दहाला पाळीची लाईट आली. मी मल्टिमीटर लावून बसलोच होतो. २२० होतं, आणि बघता बघता १६८. कारण त्या डीपीवरच्या जवळजवळ प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, कोणी झोपेतून उठायला नको. सगळ्या एका दमात सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डीपी गुडघे टेकतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. पण शेजाऱ्याने काढल्याशिवाय मी का काढू? माझी मोटार मागून सुरू झाली तर तिला उरलेला व्होल्टेज मिळणार.

आणि त्याच क्षणी इन्व्हर्टरमधून 'टक्'. रिले पडला. इन्व्हर्टर बॅटरीवर गेला. अंगणातला बल्ब, जो इन्व्हर्टरवर नाही, तो मिणमिणत का होईना चालू. म्हणजे लाईट आहे! घरात कोणालाच कळलं नसतं, कारण घरातले दिवे छान लागलेले, बॅटरीच्या जिवावर.

टॉर्च घेऊन मागे गेलो. मागच्या बाजूला एक छोटा खटका असतो, बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला साधा मोड. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर लाईटच्या बाबतीत सोवळा असतो. साधारण १८० च्या खाली गेलं की त्याला ती लाईट वाटतच नाही, तो बॅटरीवर उडी मारतो. साध्या मोडमध्ये शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत चालवून घेतो. मामाचा खटका यूपीएसवर. म्हणजे रात्रीच्या पाळीच्या प्रत्येक दिवशी, लाईट असताना, बॅटरी रिकामी होत होती. पहाटे खरोखर लाईट गेली की उरलेल्या शिळ्या चार्जवर आजीचं मशीन. त्यात अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट कडक होत जातं आणि ते पुन्हा विरघळत नाही. बोअरच्या पाण्याने फक्त शेवटचा घाव घातला.

मी विजयी चेहऱ्याने खटका दुसरीकडे केला. 'टक्', लाईटवर आला. दोन मिनिटांनी आजीच्या मशीनचा आवाज जड झाला. १६८ व्होल्ट आता थेट त्याच्या कॉम्प्रेसरला मिळत होते. ज्या मेकॅनिकने २०२१ मध्ये खटका यूपीएसवर ठेवला त्याला मी मनातून शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतल्या. त्याने मशीन वाचवलं होतं. बॅटरी त्याची किंमत भरत होती. खटका पुन्हा यूपीएसवर केला आणि त्या रात्री मशीन त्या अर्धमेल्या बॅटरीवर आणि सिलिंडरवर काढली.

रविवारी नगरमध्ये दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात. नवी बॅटरी, मशीनपुरता रुंद रेंजचा स्टॅबिलायझर, डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन. खटका साध्या मोडवर, स्टॅबिलायझर इन्व्हर्टर आणि मशीनच्या मध्ये. जुनी बॅटरी दुकानदाराने वजनावर परत घेतली. तिच्यातलं शिसं वितळून पुन्हा बॅटरीतच जाणार.

*

परतताना वाट वाकडी करून हिवरे बाजारला गेलो. मामाही आला, म्हणाला बरीच वर्षं झाली जाऊन.

हिवरे बाजारची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, निदान 'आदर्श गाव' एवढी. बेताच्या पावसाचं गाव, वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर मोडत गेलेलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजनेतून आणि रोजगार हमीतून डोंगरावर चर खणले, बंधारे, झाडं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी वगैरे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं पाठ्यपुस्तकासारखं झालंय, म्हणून मी त्यावर जास्त लिहीत नाही.

मला बघायचा होता तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, पावसाळा संपला की ग्रामसभेत जमाखर्च मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला. उरलेल्यातलं साधारण ७० टक्के शेतीला, ३० टक्के जमिनीतच ठेवायचं. त्या हिशोबाने कुठलं पीक घ्यायचं ते ठरणार. ऊस, केळी नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची बंदी, उघडी विहीर चालेल.

माझ्या डोक्यात दोन दिवस बॅटरीच होती, त्यामुळे मला तिथे बॅटरीच दिसली. बेसॉल्टचा खडक म्हणजे फार लहान क्षमतेची बॅटरी. चार्जिंग वर्षातून एकदाच, चार महिने, तेही भरवशाचं नाही. आणि या गावाने लो-बॅटरी कटऑफ तीस टक्क्यांवर लावून ठेवलाय, तो खटका यंत्रात नाही, ग्रामसभेत आहे. हिवरे बाजारात लाईट जात नाही असं मी म्हणत नाहीये, तिथला व्होल्टेज मी मोजला नाही. पण पाणी जितकं खोल, तितकी ते उपसायला जादा वीज, हे सरळ भौतिकशास्त्र आहे. पन्नास फुटांवरून काढायच्या पाण्यापेक्षा तीनशे फुटांवरून काढायच्या पाण्याला सहापट. मामाच्या डीपीवर १६८ व्होल्ट का येतात याचं उत्तर निम्मं तारांत आहे आणि निम्मं बोअरच्या खोलीत.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं पहिली बोअर दीडशे फुटावर लागली होती. आता साडेचारशेवर आहे. मोटार पाचची होती, साडेसातची टाकली." मी विचारलं, आणि डीपी? "डीपी तोच."

राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, पंपांच्या फीडरला दिवसा सौर वीज द्यायची. पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत. मामाच्या फीडरवर ती अजून पोचलेली नाही. आली तर रात्रीची पाळी जाईल, मग रात्री व्होल्टेजही टिकेल आणि मामाला साप-विंचवात दारं धरायला जावं लागणार नाही. मात्र दिवसा फुकट वीज मिळाली की बोअर साडेचारशेवरून कुठे जाईल, हा प्रश्न मी मामाला विचारला नाही. तोंडावर आला होता.

असो. रात्री पुण्यात पोचल्यावर मामीला फोन लावला. म्हणाली, दहाची लाईट आली, 'टक्' झालं नाही, मशीन नीट चाललंय, आजी झोपली. मामाने बॅटरीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय म्हणे: 'बोअरचे पाणी टाकू नये.' आणि शेजारच्या तिघांशी ऑटो स्विच काढण्याबद्दल बोलणार आहे. दोघं तयार होतील असं त्याला वाटतं. तिसऱ्याशी बांधावरून बोलणं बंद आहे.